एकच्या खाली

१

नवी गाडी घेणाऱ्या माणसाला काहीही सांगायला जा, तो ऐकत नाही. त्याचं अर्धं लक्ष काचेत दिसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्याकडे असतं. अशा माणसांना शिकवणं हाच माझा धंदा. आमच्या शोरूममध्ये फक्त स्पोर्ट्स गाड्या विकल्या जातात. बुटक्या, दोन दारांच्या, बसताना कंबर आणि उतरताना अब्रू पणाला लावणाऱ्या. गाडी ताब्यात द्यायच्या आधी मी ग्राहकाच्या शेजारी बसते आणि त्याच्याकडून एक लांब चक्कर मारून घेते.

गाडी ऑटोमॅटिक असली तरी स्टिअरिंगच्या मागे, दोन्ही बाजूंना, बोटं सहज पोचतील अशा दोन पट्ट्या असतात. त्यांना पॅडल म्हणतात. उजवं ओढलं की गिअर वर, डावं ओढलं की खाली. इतकं सोपं आहे, आणि म्हणूनच माणसं त्यात फसतात. मग मी माझी पोपटपंची सुरू करते. एका वेळी एकदाच ओढा, गाडीला ऐकू द्या, मग दुसऱ्यांदा. वळणाच्या आधी काय ते बदला, वळणात शिरल्यावर हात गप्प ठेवा. रस्ता ओला असला तर खालचा गिअर घाईने घेऊ नका, मागची चाकं घसरतात. उतारावर सारखे ब्रेक दाबू नका, तापले की ऐन वेळी दगा देतात. खालचा गिअर घ्या, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. आणि फार वेगात असताना डावं ओढलंत तर गाडी बारीकशी टूं करेल आणि ऐकणार नाही. पहिल्या गिअरमध्ये असताना ओढलंत तरी टूं करेल, कारण एकच्या खाली काही नसतं.

ती तुमच्यापेक्षा शहाणी आहे, असं मी शेवटी म्हणते. ग्राहक हसतो. मागे उभी असलेली त्याची बायको मात्र हसत नाही.

२

माझा नवरा ध्वनिमुद्रक होता. सिनेमाचं चित्रीकरण आटोपलं की सगळ्यांना गप्प उभं करून तो त्या रिकाम्या खोलीची शांतता भरून घ्यायचा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे, आणि ती संवादांच्या खाली अंथरावी लागते, नाहीतर ऐकणाऱ्याला कान दुखल्यासारखं होतं. लग्न झालं तेव्हा मला ही थापच वाटली होती. शांततेचे पैसे घेणारा माणूस माझ्या वडिलांनाही पटला नव्हता.

मग त्याच्या हृदयाची झडप बदलावी लागली. नवी झडप धातूची होती. ती वाजते. घड्याळासारखी बारीक, कोरडी टिकटिक, शांत खोलीत समोरच्यालाही ऐकू येईल अशी. बरा होऊन तो कामावर गेला, सगळ्यांना गप्प केलं, कानाला हेडफोन लावले आणि त्याला स्वतःचं हृदय ऐकू आलं. माईक कितीही लांब ठेवला तरी येतच राहिलं. थोड्या दिवसांनी त्याने काम सोडलं.

मला मात्र त्या टिकटिकीची सवय जडली. तो दुसऱ्या खोलीत असला आणि आवाज आला नाही की माझ्या हातातला चमचा हातातच राहायचा. मग मी उगाच काहीतरी आणायच्या निमित्ताने त्या खोलीत डोकावून यायची. त्याला ते कळायचं. "आहे मी, आहे," असं तो वर न बघता म्हणायचा.

त्याची एक जुनी खोड होती. रेकॉर्डिंग चांगलं झालं तरी तो म्हणायचा, आणखी एक, सेफ्टीसाठी. ही खोड घरातही आली होती. कुलूप लावलं की परत ओढून बघणार, परत एकदा ओढून बघणार. गॅसचं बटण बंद करून झाल्यावर पुन्हा फिरवणार. मी चिडवायची, अरे, एकदा सांगितलेलं कुलपालासुद्धा कळतं.

आणि या शांततेच्या भुकेल्या माणसाने काय घ्यावं, तर एक जुनी पण गुरगुरणारी स्पोर्ट्स गाडी. का घेतलीस, असं मी विचारलं. तो म्हणाला, हिच्या आवाजात माझा बुडतो.

३

नणंद घाटाच्या वर राहते. आम्ही तिला वन्सं म्हणतो, म्हणजे मी म्हणते. तो ताई म्हणतो आणि ती त्याला या वयातही बाळ्या म्हणते. रविवारी तिच्याकडे जेवायचं आणि दुपारी उतरायचं, हे ठरलेलं. उतरताना स्टिअरिंग त्याच्याकडे आणि शिकवणी माझ्याकडे.

त्या दुपारी घाटात धुकं होतं. वन्संनी निघताना कागदी कपांत चहा दिला होता, तो मी दोन्ही हातांत धरून बसले होते. तो छान चालवत होता. वळणावर घाई नाही, उतारावर ब्रेकचा चाळा नाही. मधल्या लांब उताराच्या तोंडाशी, समोरचं काही दिसेना म्हणून, मी त्याला अगदी हळू उतरायला सांगितलं. त्याने डावं पॅडल ओढलं. तीन. थांबला, ओढलं. दोन. परत थांबला, ओढलं. एक. मी मनात म्हटलं, शाब्बास. आणि मग सवयीने, कुलूप ओढून बघावं तसं, त्याने आणखी एकदा ओढलं.

गाडीने टूं केलं नाही.

समोरचा एकचा आकडा विझला. त्या जागी काहीच आलं नाही. इंजिन बंद पडलं असं मला वाटलं, पण गाडी चालत होती, फार हळू, उतारावरून पाणी जावं तशी आपोआप. चाकांचा आवाज नव्हता. काचेवरून ओघळणारा थेंब अर्ध्यात थांबला होता. बाहेरचं धुकं सरकत नव्हतं, आम्हीच त्यातून सरकत होतो. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, आधी वाटलं ते सुख. कुणीतरी खांद्यावरून ओझं उचलून घ्यावं तसं. मी कपाकडे बघितलं. वाफ कपावर तशीच उभी होती.

"मास्तरीण," तो म्हणाला. त्याचा आवाज जवळून आणि सपाट आला, जाड पडद्यांच्या खोलीतून यावा तसा. "हे ऐक."

मी ऐकलं. ऐकायला काही नव्हतं. तो हसत होता, झडप बदलल्यापासून इतका मोकळा हसलेला मी त्याला पाहिला नव्हता. आणि मग मला समजलं की काय नाहीये. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती उबदार होती. आत काही हलत नव्हतं.

मी आडवा हात घालून उजवं पॅडल ओढलं. इंजिन गुरगुरलं, थेंब खाली गेला, आकडा एक झाला, आणि टिक, टिक, टिक. मी रडायला लागले. तो गाडी कडेला घेऊन माझी समजूत घालत राहिला, आणि चहा माझ्या हाताला चांगलाच पोळत होता.

४

घरी पोचेपर्यंत दिवस मावळला होता. वन्संचे किती तरी फोन येऊन गेले होते. जेवून निघालेली माणसं इतका वेळ कुठे होती, असं तिचं म्हणणं, आणि ते रास्त होतं. घाटात धुक्यामुळे थांबलो, असं मी सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

मी शिकलेली बाई आहे. गाडीचा कंप्यूटर चुकू शकतो, आकडा दाखवणारा दिवा जाऊ शकतो, धुक्यात माणसाचे कान बधिर होतात, आणि घाबरलेल्या हाताला दुसऱ्याची नाडी लागत नाही. ही चारही कारणं मी दुसऱ्या दिवशी स्वतःला समजावून सांगितली. मग गाडी आमच्या वर्कशॉपात नेली. मेकॅनिकने यंत्र जोडून सगळं तपासलं. गाडी ठणठणीत होती. एकच्या खाली काही आकडा येऊ शकतो का, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मॅडम, एकच्या खाली काय असणार, तळघर?" तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसला.

मी एकटीने जाऊन त्याच उतारावर करून बघितलं. ऊन होतं तेव्हा बघितलं, धुकं होतं तेव्हाही बघितलं. एकवर आणलं आणि डावं ओढलं. टूं. परत ओढलं. टूं. माझ्यासाठी ती गाडी अगदी कंपनीने सांगितल्यासारखी वागत होती. मला हायसं वाटलं, आणि का कोण जाणे, थोडा मत्सरही वाटला.

५

पुढच्या रविवारी त्याने पुन्हा ओढलं आणि आकडा विझला. त्याच्या पुढच्याही. मी बजावलं, भांडले, स्टिअरिंग माझ्याकडे घेते म्हणाले. तो नुसता माझ्याकडे बघायचा. ज्या माणसाला वर्षानुवर्षं स्वतःच्या छातीतला आवाज एक क्षण बंद करता आला नाही, त्याला तू पाच मिनिटंही देणार नाहीस का, असं ते बघणं असायचं. मी द्यायची. उजव्या पॅडलवर बोट ठेवून, बसल्या जागी अंग आखडून, द्यायची.

त्याच सुमाराला डॉक्टरांनी झडप तपासली. तिच्यावर रक्ताची गाठ धरायला लागली होती, ती नीट मिटत नव्हती. दुसरं ऑपरेशन करायला हवं. धोका आहे, पण न करण्यात त्याहून जास्त आहे, असं ते म्हणाले. टिकटिक अडखळली, दम लागला, तर एक क्षण न घालवता या. बाहेर आल्यावर हा म्हणाला की त्याला पुन्हा छाती उघडून घ्यायची नाही. त्याची शांततेची जागा त्याला सापडली आहे, रविवार ते रविवार तो काढेल. मी खूप बोलले. पालथ्या घड्यावर पाणी.

एका रविवारी तो आपला जुना रेकॉर्डर घेऊन आला. आकडा विझल्यावर त्याने तो चालू केला आणि डोळे मिटून बसला. घरी आल्यावर हेडफोन माझ्या कानांवर ठेवून म्हणाला, ऐक, इतकी स्वच्छ शांतता मी आयुष्यात भरली नाही.

मी ऐकलं. आधी खरंच काही नव्हतं. मग फार लांब कुठेतरी गाडीचं दार लागलं. हळूच, घरात कुणी झोपलं असेल तर आपण लावतो तसं. थोड्या वेळाने दुसरं दार, जरा जवळ. मग तिसरं. आणि शेवटी अगदी माझ्या डाव्या कानाशी, कुणीतरी सीटचा पट्टा ओढून अडकवला.

मी हेडफोन काढून त्याच्याकडे बघितलं. तो विचारत होता, कशी आहे. आमच्या गाडीत मागे सीटच नाही.

६

मी त्याला सांगितलं. त्याने पुन्हा पुन्हा ऐकलं आणि म्हणाला, काही नाही गं, तुझ्या मनाचे खेळ. त्याचे कान माझ्यापेक्षा तयार होते, तेव्हा मी त्याचंच खरं मानलं. माणूस आपल्याला हवं ते ऐकतो हे मला शोरूममध्ये रोज दिसतं, पण घरात ते ओळखता येत नाही.

शेवटच्या रविवारी मी पहिल्यांदा बाहेर बघितलं. तोवर मी त्याच्याकडेच बघत असायची. आकडा विझला, सगळं निवांत झालं, आणि मी मान वळवून माझ्या बाजूच्या काचेतून बघितलं. धुकं तिथे जरा विरळ होतं.

रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या होत्या. एकामागे एक, सगळ्या उताराकडे तोंड करून, दिवे बंद. जुन्या होत्या, नव्याही होत्या. प्रत्येकीत माणसं होती. पट्टे लावून, ताठ, हात मांडीवर. कुणी मेलेलं दिसत नव्हतं, कुणी झोपलेलंही नव्हतं. सगळे कान देऊन बसले होते. आम्ही त्यांच्या शेजारून इतक्या हळू जात होतो की मला एकेकाचे केस दिसत होते. मग अगदी जवळच्या गाडीतल्या बाईने मान वळवली, आमच्याकडे बघितलं, आणि आपली गाडी जराशी पुढे घेतली. बाकावर कुणी नवीन आलं की आपण सरकून जागा देतो ना, तशी.

मागच्या गाडीनेही तेवढंच मागे घेतलं. मधे एका गाडीपुरती जागा झाली.

उजवं पॅडल या वेळी मी ओढलं नाही. त्याने ओढलं. घरी आल्यावर त्याने रेकॉर्डिंग शेवटचं एकदा ऐकलं, हेडफोन काढून ठेवले आणि रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

"त्या गाड्यांतली माणसं आराम करत नाहीयेत," तो म्हणाला. "आपापलं हृदय ऐकू येतंय का, ते ऐकतायत." आणि मग जेवणाचं ताट पुढे ओढत म्हणाला, "डॉक्टरांना फोन कर. मी करून घेतो ऑपरेशन. टिकटिक तर टिकटिक."

मला इतका आनंद झाला की मी त्याला वाढायचंच विसरले.

७

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी वन्संना भेटायला गेलो. भावाबहिणीने पोटभर गप्पा मारल्या. वन्सं त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली आणि तो लहान मुलासारखा बसून राहिला. निघताना मी गाडी घेतली. तो शेजारी बसला आणि म्हणाला, आज शिकवणी माझ्याकडे, हात नीट ठेव.

घाटात धुकं होतं, पण दाट नव्हतं. मी सावकाश उतरत होते. तो चेष्टा करत होता, मी गिअर बदलला की शाब्बास म्हणत होता. मग त्याची चेष्टा मधेच तुटली. त्याने काच खाली केली आणि तोंड उघडून हवा घेतली. मी त्याला विचारलं नाही, इंजिनाच्या गुरगुरीतूनही मला ऐकू येत होतं. टिक. टिक. मग एक गाळलेली. टिक. मग दोन गाळलेल्या.

दवाखाना खाली होता, घाट संपून पुढे गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी अंतराचा हिशोब केला, वेगाचा केला, पुढच्या वळणांचा केला. कुठूनही तो जमत नव्हता. मागे जावं तर वर नुसती वन्संची वाडी, तिथे साधा डॉक्टर नाही. मी गाडी दामटली. टायर ओरडले. त्याने माझ्या हातावर हात ठेवला. हात गार आणि ओला होता.

"एकच्या खाली नको," तो म्हणाला. मी काही बोललेच नव्हते. "सरळ चल. पोचू."

"हो," मी म्हणाले.

टिक.

मी पुढची ऐकायला कान लावले. इंजिनाचा आवाज होता, वाऱ्याचा होता, माझ्या स्वतःच्या श्वासाचा होता. त्याचा हात माझ्या हातावरून घसरून मांडीवर पडला. मी ऐकत राहिले. पुढची आली नाही.

मी ब्रेकवर जवळजवळ उभी राहिले. डावं ओढलं, तीन. ओढलं, दोन. ओढलं, एक. माझ्यासाठी ही गाडी नेहमी टूं करते, हे मला माहीत होतं. मी तिला अगदी हात जोडल्यासारखं मनातून सांगितलं आणि आणखी एकदा ओढलं.

आकडा विझला.

८

इथे ऊन नाही, अंधारही नाही. उतार आहे, पण तो लागत नाही. आमच्यासाठी केलेली जागा लांबून दिसली तेव्हा मी तिच्यापुढून निघून जायचं ठरवलं होतं, पण गाडी आपोआप तिच्यात जाऊन उभी राहिली. पुढची बाई एकदा वळून हसली आणि परत कान देऊन बसली. शेजारधर्म बरा आहे.

तो माझ्या शेजारी आहे. गाल उबदार आहेत, डोळे उघडे आहेत, आणि तो माझ्याकडे बघतो. रागावलेला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. इथे आल्यावर पहिल्यांदा तो जे म्हणाला तेच तो अधूनमधून म्हणतो, त्याच सपाट, जवळच्या आवाजात.

"मास्तरीण, उजवं ओढ."

मला माहीत आहे, ओढायलाच हवं. ओढलं तर इंजिन गुरगुरेल, घाट सुरू होईल, आणि पुढची टिक येईल, किंवा येणार नाही. दोन्हींपैकी एकच होणार, आणि इथे अजून दोन्ही व्हायची आहेत. माझं बोट उजव्या पॅडलवर आहे, त्यावरून ते एकदाही हललेलं नाही, हवं तर त्याला विचारा. मी त्याला सांगते, ओढते रे, ओढतेच आता. फक्त तुला एकदा डोळे भरून बघून घेते.